लस, अवधाण, पेशी : रक्ताच्या बोलीविषयी



हृदय कुठे आहे असे विचारले तर लहान मूलही छातीवर हात ठेवते. पोट, डोळे, गुडघे यांचे पत्ते सगळ्यांना पाठ असतात. पण तुमची लसीकासंस्था कुठे आहे असे मी आत्ता विचारले, तर या सभागृहातले किती हात कुठे जातील याची मला शंका आहे. रक्त अंगभर आहे, लसीका कुठेच दिसत नाही आणि प्रतिकारशक्ती ही तर वस्तूच नाही. बोट ठेवायला जागा नसली की माणूस शब्दाला धरून बसतो. म्हणून या तीन संस्थांच्या आजारांत शब्दांना भलतेच वजन येते.

माझे आयुष्य पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे बसून जे दिसले ते थोडक्यात असे : रिपोर्टवरचा शब्द कागदावर थांबत नाही. तो घरी जातो, स्वयंपाकघरात शिरतो, गोळ्यांचा डबा उघडतो किंवा बंद करतो. पारिभाषिक शब्द शुद्ध असावा यावर आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. तो ऐकून रुग्ण पुढे काय करतो, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. आज मला तोच विचारायचा आहे.

सुरुवात ‘लस’ या शब्दापासून करू, कारण तो अस्सल घरचा आहे. खरचटले, फोड फुटला की जे चिकट पाणी झिरपते ती लस. रक्त वेगळे, पू वेगळा, लस वेगळी, हा भेद घरातल्या म्हाताऱ्या बायकांना कुणी शिकवावा लागत नसे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची लस टोचली गेली. भारतातली ही पहिली यशस्वी टोचणी. तिचे मूळ बीज व्हिएन्नाच्या जाँ द कारो या डॉक्टरकडून निघालेले होते आणि कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असे टप्पे घेत ते जहाजाने मुंबईला पोहोचले. त्या काळी शीतकपाट नव्हते. एका मुलाच्या दंडावरचा फोड भरला की त्यातले पाणी दुसऱ्याच्या दंडात, त्याच्या दंडातले तिसऱ्याच्या, अशी साखळी चालवावी लागे. डस्टहॉलच्या फोडातूनच पुढे मुंबईतल्या इतर मुलांना आणि मग पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास इथे ही टोचणी गेली.

म्हणजे त्या वेळी जे टोचत ती खरोखरच लस होती. इंग्रज डॉक्टरही तिला लिंफच म्हणत. पुढे लस वासराच्या कातडीवर वाढवली जाऊ लागली, मग बाटलीत आली, मग तिच्यात मेलेले जंतू आले आणि आता तर काही लसींत नुसता जंतूच्या एका प्रथिनाचा निरोप असतो. शब्द तोच राहिला आणि त्याने कुणाचे वाईट केले नाही. लस म्हटले की दंड पुढे करायचा असतो एवढे सगळ्यांना कळते. शब्दाकडून याहून जास्त काय हवे?

आता लसीकेकडे येतो. १६२२ साली इटलीत गास्पारे असेल्लीने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचे पोट उघडले, तेव्हा आतड्याभोवतीच्या पडद्यात त्याला पांढरे दोरे दिसले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले. एक कापला, तर दुधासारखे द्रव्य बाहेर आले. १६५३ मध्ये डेन्मार्कच्या थॉमस बार्थोलिनने अशाच, पण निर्मळ पाणी वाहणाऱ्या वाहिन्या अंगभर असल्याचे लिहिले आणि लॅटिनमधल्या स्वच्छ पाण्याच्या शब्दावरून त्यांचे नाव ठेवले. आपल्या परिभाषाकारांनी तिथे ‘लसीका’ योजली. शब्द छान आहे, लसीशी त्याचे नाते ऐकू येते. पण पुढे त्यांनी या वाहिन्यांवरच्या गाठीसाठी लसीकापर्व, शिवाय लसीकाभ आणि असे बरेच काही घडवले. त्यातले बहुतेक परीक्षेच्या पेपरापलीकडे गेले नाही. जाण्याची गरजही नव्हती, कारण त्या गाठीला मराठीत आधीपासून नाव होते : अवधाण.

हा शब्द मला फार आवडतो. पायाला ठेच लागली, जखम चिघळली, की दोन दिवसांनी जांघेत दुखरी गाठ येते. हाताला काटा लागून पिकले की ती काखेत येते. त्याला अवधाण उठले असे म्हणतात. ठेच पायाच्या अंगठ्याला आणि गाठ जांघेत, याचा संबंध ज्याने जोडला त्याने बार्थोलिनचे नाव ऐकलेले नव्हते. पण पायाचे पाणी कोणत्या नाक्यावरून वर जाते हे त्याने बरोबर ताडले होते. आजही ओपीडीत ‘तुमच्या लसीकाग्रंथी सुजल्या आहेत’ असे म्हणणाऱ्या डॉक्टरकडे बाई कोऱ्या नजरेने पाहते. ‘अवधाण आलंय, पायाला काही लागलं होतं का?’ असे विचारले की ती लगेच पाऊल पुढे करते. निदान तिनेच अर्धे केलेले असते. शहरात हा शब्द आता मरत चालला आहे, ही मला खरी हानी वाटते.

या गाठीने महाराष्ट्राचा इतिहासही हलवला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ताप आणि गाठींचे रोगी पाहून प्लेगचे निदान केले. लोकांनी या रोगाला गाठीचा ताप म्हटले. युरोपातले त्याचे नावही ग्रीक भाषेतल्या जांघेच्या शब्दावरून आलेले आहे, कारण पिसू बहुधा पायाला चावते आणि जंतू पहिल्यांदा जांघेतल्या गाठीत अडकतात. सरकारला संशयित शोधायचे होते. म्हणजे काय करायचे होते? मान, काख, जांघ चाचपायची होती. रेल्वे स्टेशनांवर, रस्त्यांवर आणि १८९७ च्या पुण्यात तर गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून ही तपासणी केली. बायकांचीही. लसीकाग्रंथींची तपासणी हा आज एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला शिकवायचा साधा भाग आहे. त्या वर्षी पुण्यात ती अब्रूची गोष्ट झाली आणि २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग मोहिमेचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. त्याआधी, १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले त्याच रोगाने गेल्या होत्या. आणि १० जानेवारीला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्देमार हाफकिनने स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सहा महिन्यांच्या आत घडलेल्या या तिन्ही गोष्टी शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकवल्या जातात. मला त्या एकाच गाठीभोवती दिसतात.

लसीकासंस्थेचे काम काय, हे समजून घ्यायला मला हत्तीरोगाइतका चांगला शिक्षक सापडलेला नाही. केशवाहिन्यांतून रोज पुष्कळ पाणी बाहेर पाझरते. त्यातले दोन-तीन लिटर लसीकावाहिन्या गोळा करून गळ्याच्या मुळाशी परत रक्तात सोडतात. काळ्या जमिनीच्या शेतात पाण्याचा निचरा करणारे चर असतात तसे हे काम आहे. चर बुजले की शेत चिबडते. हत्तीरोगाचे जंत नेमके या चरांत राहतात. वर्षानुवर्षे पाणी साचून पाय सुजतो, कातडी जाड होते. विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा भागात हे पाय पाहिलेले लोक आजही आहेत. या जंतांची पिल्ले कातडीजवळच्या रक्तात रात्रीच येतात, चावणारा क्युलेक्स डास रात्री हिंडतो म्हणून. त्यामुळे आरोग्य कर्मचाऱ्याला रात्री दारोदार जाऊन बोटातून रक्त घ्यावे लागते. ‘रात्रीचं रक्त घ्यायला आलोय’ हे वाक्य ऐकून गावात काय काय समज झाले असतील, याची कल्पना करा. जिथे कर्मचारी ‘जंत रात्री बाहेर येतात, दिवसा लपतात’ एवढे सांगतो, तिथे लोक बोट पुढे करतात. ‘मायक्रोफायलेरिया’ म्हणून ते कुणी करत नाही.

आता ज्या शब्दामुळे सर्वांत जास्त घोटाळा होतो त्याकडे येतो. तो शब्द म्हणजे ‘पेशी’.

पावसाळा संपत आला, डेंगीचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर संदेश फिरतात : पेशंटच्या पांढऱ्या पेशी कमी झाल्या आहेत, डोनर पाहिजे. पाहिजे असतात प्लेटलेट. वर्तमानपत्रेही कधी कधी प्लेटलेटच्या पुढे ‘पांढऱ्या पेशी’ असे छापतात. हे दोन अगदी वेगळे पदार्थ आहेत. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. निरोगी प्रौढाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या चार ते अकरा हजार असतात. प्लेटलेट म्हणजे हाडांच्या मगजातल्या एका प्रचंड पेशीचे तुटलेले तुकडे. त्या दीड ते साडेचार लाख असतात, आठ-दहा दिवस जगतात आणि रक्त थांबवतात. त्यांना धड पेशीही म्हणता येत नाही, कारण त्यांत केंद्रक नसते. कोशातला ‘बिंबाणू’ शास्त्रदृष्ट्या नेटका आहे. १८८२ मध्ये त्यांचे काम दाखवून देणाऱ्या इटालियन बिझोझेरोनेही त्यांना ‘छोट्या ताटल्या’च म्हटले होते. पण रक्तपेढीच्या खिडकीवर बिंबाणू मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिथे ‘एसडीपी लागेल, डोनर आणा’ अशी भाषा चालते; एसडीपी म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट. माझे स्पष्ट मत आहे की प्लेटलेटला प्लेटलेटच म्हणावे आणि ‘पांढऱ्या पेशी’ हे नाव त्यांना कुणीही, विशेषतः डॉक्टरांनी, कधीही देऊ नये.

यात शुद्धतेचा हट्ट नाही. ‘पेशी कमी झाल्या’ या वाक्याने घरचे सगळे लक्ष एका आकड्यावर खिळते. सकाळी साठ हजार, संध्याकाळी बावन्न. मग पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट. ज्या डेंगीने माणूस दगावतो त्यात बहुधा घात करते ते वेगळेच : रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तातले पाणी बाहेर जाते, रक्त घट्ट होते, रक्तदाब उतरतो. रिपोर्टवर याची खूण रक्तातला पेशींचा वाटा सांगणाऱ्या ‘पीसीव्ही’ या ओळीत दिसते, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. शिवाय हा धोका ताप उतरताना येतो. घरच्यांना तेव्हाच हायसे वाटलेले असते. डॉक्टरांनी ‘पेशी’ऐवजी ‘अंगातलं पाणी रक्तातून बाहेर गळतंय का ते आपण बघतोय’ असे म्हटले, तर नातेवाईक किवी आणण्याऐवजी पोटदुखी, उलट्या, लघवी कमी होणे यांवर नजर ठेवतील.

आणि पांढऱ्या पेशी तरी पांढऱ्या कुठे असतात? काचेवर त्या जवळजवळ रंगहीन दिसतात. त्यांना ओळख दिली ती पाउल एर्लिखने, जर्मनीतल्या रंगांच्या कारखान्यांतून नव्याने निघालेल्या रंगांनी. काही पेशींनी इओसिन हा गुलाबी-लाल रंग घेतला, त्या इओसिनोफिल. इओसिनचे नाव ग्रीकांच्या उषादेवतेवरून. जंत, दमा, ॲलर्जी असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टवर इओसिनोफिल वाढलेले दिसतात, तेव्हा त्या कागदावर पहाटेच्या देवीचे नाव असते हे माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगत असे. परीक्षेत त्याला गुण नसत.

‘रक्त कमी आहे’ हेही असेच एक वाक्य. डॉक्टरला म्हणायचे असते हिमोग्लोबिन कमी आहे. ऐकणाऱ्याला वाटते, अंगात रक्ताची पातळीच खाली गेली आहे, आणि लाल रंगाने लाल वाढते या हिशेबाने घरी बीट आणि डाळिंब येते. बिटाचा रंग हिमोग्लोबिनचा नाही आणि त्यात लोहही फारसे नाही. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. त्यांतल्या अनेकींसाठी लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. त्यांनी शौचाला काळे होते, मळमळते, म्हणून त्या बंद होतात आणि बीट चालू राहते. ‘रक्तात लोखंड कमी आहे’ असे म्हटले तर निदान गोळी आणि आजार यांचा धागा तरी जुळतो.

याच्या उलट बाजूला ‘रक्त पातळ करायची गोळी’. ॲस्पिरिन प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही. वॉर्फरिन के जीवनसत्त्वाच्या आड येऊन रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना घडू देत नाही. दोघांपैकी एकानेही रक्त पातळ होत नाही. गोठायला वेळ लागतो, इतकेच. पण ‘पातळ’ हा शब्द आपल्या कानाला अशक्तपणाचा लागतो. हिमोग्लोबिन कमी निघाले की रुग्ण आपल्या मनाने ठरवतो, आधीच रक्ताचे पाणी झालेय, आता आणखी पातळ कशाला, आणि हृदयातली झडप बदललेला माणूस वॉर्फरिन सोडून देतो. झडपेवर गुठळी धरायला मग फार दिवस लागत नाहीत. हे मी ऐकीव सांगत नाही. अशा गुठळ्यांचे तुकडे माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली आले आहेत. ‘गुठळी न होण्याची गोळी’ म्हणायला एक अक्षरही जास्त लागत नाही. तसेच म्हणावे.

राहता राहिली रोगप्रतिकारशक्ती. ‘इम्युनिटी’च्या लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ कर आणि सरकारी चाकरीतून सूट मिळालेला, आपल्याकडच्या इनामदारासारखा. ज्याला एकदा देवी येऊन गेल्या त्याला पुन्हा येत नाहीत, त्याचा सारा माफ. या कल्पनेत सूट एकेका रोगापुरती आहे. गोवराची माफी मिळाली म्हणून कांजिण्यांची मिळत नाही. मराठीत मात्र आपण ‘शक्ती’ म्हटले, तीही एकवचनी. शक्ती म्हटले की ती कमी-जास्त होणार, वाढवता येणार, बाटलीत भरून विकता येणार. करोनाच्या काळात घराघरात काढ्याची पातेली चढली ती या एका शब्दावर. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. त्या इजेचे रूप शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्यासारखे होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मानला नाही. वाद राहू द्या. पण जे आपल्याला वाढवायचे आहे ते वाढले तर स्वतःवरच उलटू शकते, ही शक्यताच ‘शक्ती’ या शब्दात मावत नाही.

प्रत्यक्षात ही एक शक्ती नसून अनेक कामगारांची व्यवस्था आहे. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकोव्हने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत काटे खुपसले आणि सकाळी पाहिले, तर काट्यांभोवती भटक्या पेशींचा गराडा. त्या भक्षकपेशी. (हा मराठी शब्द मात्र अगदी झकास जमला आहे.) नंतर टी आणि बी पेशी कळल्या. टी म्हणजे थायमस, छातीच्या हाडामागची ग्रंथी. तिचे काम १९६१ मध्ये जॅक मिलरने उंदरांवर दाखवले. बी म्हणजे बोन मॅरो असे आमचे निम्मे विद्यार्थी समजतात. खरे तर बी हे कोंबडीच्या शेपटीकडच्या एका पिशवीचे आद्याक्षर आहे. १९५६ मध्ये ब्रूस ग्लिकने ती पिशवी काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे बनत नाहीत हे नोंदवले, तेही कुक्कुटपालनाच्या नियतकालिकात. माणसाला ती पिशवी नाही. अक्षर तेवढे उरले.

या कामगारांवर मुकादमही आहेत. स्वतःच्या शरीरावर हात उचलू नये म्हणून इतरांना रोखणाऱ्या टी पेशींच्या शोधासाठी २०२५ चे नोबेल ब्रन्को, रॅम्सडेल आणि साकागुची यांना मिळाले. ल्युपस किंवा आमवातात हा रोखणारा हात सैल पडतो. अशा रुग्णाला आपण सांगतो, ‘तुमची प्रतिकारशक्ती कमी करायच्या गोळ्या देतोय.’ जिला जन्मभर शक्ती वाढवायला सांगितले, त्या बाईला हे ऐकून काय वाटेल? ती गोळ्या घरी नेते, दोन आठवडे घेते आणि शेजारणीच्या सल्ल्याने च्यवनप्राश सुरू करते. ‘तुमच्या अंगातला पहारा घरच्याच माणसांना मारतोय, त्याला आवरायचंय’ हे वाक्य लांब आहे, शास्त्रीय कोशात बसणार नाही. पण ते ऐकलेली बाई पुढच्या महिन्यात गोळ्या संपल्या म्हणून परत येते.

शेवटी मुंबईच्या रक्ताविषयी, कारण त्याशिवाय या गावात रक्तावर बोलणे बरे नाही. लँडस्टायनरने रक्तगट शोधले तेव्हा तिसऱ्या गटाला त्याने सी म्हटले होते. तो पुढे ओ झाला. ओ म्हणजे काहीच नाही, अशी सगळ्यांची समजूत झाली. १९५२ मध्ये परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा माणसांची नोंद केली, ज्यांना ओ गटाचे रक्तही चालत नव्हते. ओ गटाच्या पेशींवर एच नावाचा पदार्थ असतो; या माणसांकडे तोही नसतो आणि त्यांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडे असतात. गटाला बॉम्बे नाव पडले. भारतात सुमारे दहा हजारांत एकाचा हा गट असतो, युरोपात दहा लाखांत एकाचा. शहराचे नाव १९९५ मध्ये बदलले, गटाचे बदलले नाही, आणि बदलू नये असेच मला वाटते. रक्तपेढीत गोंधळाला जागा नको.

साध्या स्लाइड चाचणीत या गटाचा माणूस ओ म्हणून निघतो. कार्डावर ओ छापले जाते. त्याला ओ रक्त चढवले तर जीव जाऊ शकतो. दुसरा त्रास घरात होतो : अशा ‘ओ’ आईचे मूल एबी निघू शकते, कारण ए किंवा बीचे जनुक तिच्यात असते, फक्त ते दिसायला लागणारा पाया नसतो. पुस्तकी तक्त्यात ओ आईला एबी मूल होत नाही. मग संशय तिच्यावर जातो. खरे तर रक्तगट ठरवताना रुग्णाच्या पेशींबरोबर त्याचा सीरमही तपासायचा असतो आणि तो ओ गटाच्या पेशींशी मिसळून पाहायचा असतो. गुठळ्या दिसल्या तर कार्ड छापण्याआधी थांबायचे. ही चाचणी काही मिनिटांची आहे, तिला लागणाऱ्या ओ पेशी प्रत्येक रक्तपेढीत असतात, आणि ती झाली आहे की नाही हे खिडकीवर विचारण्याचा हक्क तुम्हा सर्वांना आहे.